चंपाबाईच्या घरचा पीपी नंबर

भागीरथाबाईंनी चंपाबाईला पहिल्यांदा पाहिलं ते टेलिफोनच्या खांबाखाली. खांबावर तिचा नवरा चढला होता आणि ती खाली उभी राहून त्याला कामाची पद्धत शिकवत होती.

"तार लिंबातून काहून नेऊन राहिले? फांदी हालली का तुटन. तिकडून घ्या."

"हां बाई, घेतो," वरून लहानू म्हणाला.

"बाई कोनाले म्हन्ता? बायको हाय मी तुमची."

गल्ली हसली. लहानू डोंगरे टेलिफोन खात्यात लाइनमन होता आणि आपल्याच घराची तार ओढायला त्या दिवशी स्वतः चढला होता. भागीरथाबाई समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी या नव्या शेजारणीला नीट पाहून घेतलं. काळीसावळी, उंच, खांदे पुरुषासारखे, आणि आवाज असा की जबलपूरच्या ओमती चौकात उभी राहून बोलली तरी ओमती नाल्यापर्यंत जावा. हिचं कुणाशी जमणार नाही, असं त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं, आणि पुढे स्वतःपुरतं ते खरंही करून दाखवलं.

ही गल्ली ओमतीच्या मागच्या अंगाला आहे. भंडारा-गोंदियाकडून नॅरो गेजच्या छोट्या गाडीनं आलेली बौद्ध कुटुंबं तिथं राहतात. कुणी कारखान्यात लागलं, कुणी रेल्वेत, कुणी खात्यात. गल्लीच्या टोकाला विहार आहे आणि विहाराच्या समितीचे अध्यक्ष म्हणजे भागीरथाबाईंचे यजमान, नारायणराव. त्यामुळे गल्लीतल्या कोणत्याही गोष्टीचा शेवटचा शब्द आपल्या ओट्यावरून जातो, अशी भागीरथाबाईंची समजूत होती. चंपाबाईच्या घरी फोन लागला आणि त्या समजुतीला पहिला तडा गेला. कारण साऱ्या गल्लीत तो एकच फोन होता, आणि सगळ्यांनी आपापल्या पत्रिकांवर, कार्डांवर तोच नंबर छापला. नंबरापुढे कंसात पीपी. म्हणजे फोन दुसऱ्याचा, पण बोलावून देतात.

लहानू होता तोवर पोरं धावत जाऊन निरोप द्यायची. तो खांबावर काम करत असताना टेलिफोनची तार विजेच्या तारेला लागली आणि तो गेला. फोन मात्र खात्याच्या सवलतीत राहिला. चंपाबाईनं त्याच्या तबकडीला छोटं कुलूप लावलं, फोन नवऱ्यानं भिंतीतल्या ज्या फळीवर ठेवला होता तिथंच ठेवला, आणि शेजारी शिवणयंत्र मांडून बडा फुहारा बाजारातल्या दुकानदारांचे परकर शिवायला बसली. फोन आला की ती जागेवरूनच हाक मारायची. "ओ नारायणराव, तुमचा साळा. आज पैसे मांगनार नाही म्हन्ते." गल्लीत कुणाचं काय चाललंय ते अशा तऱ्हेनं सर्वांना कळत गेलं. निरोपाचे पैसे तिनं कधी कुणाकडून घेतले नाहीत. बोलून मात्र घेतलं.

भागीरथाबाईंचं वैर असं उगाच नव्हतं. त्यांच्या पुष्पासाठी नागपूरचं स्थळ आलं होतं, मुलगा बँकेत. मुलाच्या मावशीनं एका सकाळी पीपी नंबरवर फोन केला आणि पुष्पाच्या आईला बोलवाल का, असं गोड आवाजात विचारलं. भागीरथाबाई त्या वेळी नळावर होत्या.

"आत्ता नाही येऊ शकत," चंपाबाई म्हणाली. "नळावर भांडून राहिली. थांबा, ऐका." आणि तिनं रिसीव्हर खिडकीबाहेर धरला.

नागपूरहून पुन्हा फोन आला नाही. पुष्पाचं लग्न पुढे बालाघाटला झालं आणि ती तिथं सुखात आहे, तरी भागीरथाबाईंच्या हिशेबात ते नागपूर अजून वजा व्हायचं होतं. चंपाबाईचं म्हणणं एवढंच, "खोटं सांगतलं का मी? भांडून नव्हती राहिली का?"

आणखी एक गोष्ट गल्लीला ठाऊक होती. लग्नानंतर चंपाबाई रांझीला सासरी राहत असे. तिथं सासूनं एकदा तिची पेटी रस्त्यावर काढून ठेवली आणि दार लावून घेतलं. लहानू ड्यूटीवरून येईपर्यंत ती त्या पेटीशेजारी उभी होती. बसली नाही. येणारे-जाणारे बघत होते. या घरात आल्यावर तिनं सांगून टाकलं होतं की आता मला कुणी घराबाहेर हो म्हणेल तर त्याचं तोंड फोडीन. लहानूच्या मागे दीर घर बळकावायला आला होता, तेव्हा ती उंबऱ्यात विळा घेऊन बसली. त्यानंतर तर ती बहिणीकडे शहपुऱ्यालासुद्धा एक रात्र राहायला गेली नाही. तयार परकर न्यायलाही दुकानाचा माणूसच घरी यायचा.

अशा घरात भन्ते सोमरतन यांचे फोन येऊ लागले.

भन्ते श्रीलंकेचे. जबलपूरच्या विद्यापीठात इतिहास शिकायला आले आणि विहारात राहिले. तिशीचे, बारीक, चष्मा लावणारे, आणि त्यांची हिंदी अशी शुद्ध की भाजीवाला हात थांबवून ऐके. घरी विधवा आई आणि भाऊ. पत्र यायचं ते निळ्या पातळ कागदाचं, आणि ते येईपर्यंत त्यातली बातमी शिळी झालेली असायची. चौकात बाहेरदेशी फोन लावून देणारा बूथ होता, पण भन्ते पैशाला हात लावत नसत, आणि आईच्या गावात लावायचा तरी कुणाला? तिथं फोन होता तो एकट्या पोस्टात. तेव्हा आईच कधी तरी पोस्टात जाऊन इकडे लावायची. पीपी नंबरवर.

अडचण पहिल्याच फोनला आली. चंपाबाईनं हाक मारली, भन्ते आले आणि दारात थांबले.

"आत या ना भन्तेजी, तुमची माय हाय."

"उपासिकाजी, घर में और कोई है?"

कुणी नव्हतं. एकट्या बाईच्या घरात भिक्खूनं एकट्यानं बसू नये, असा त्यांचा नियम. तिसरं माणूस हवं, खरं तर पुरुष हवा. पण दिवसा गल्लीत पुरुष कुठला? शेवटी भन्तेंनी दार सताड उघडं ठेवायचं आणि समोरच्या भागीरथाबाईंनी येऊन उंबऱ्याशी बसायचं, असा तोडगा निघाला. दुसरी बाई मिळाली असती, पण चंपाबाईशी बोलणारं उरलंच कोण होतं? अध्यक्षांच्या बायकोला मात्र भन्तेंसाठी नाही म्हणता येत नव्हतं.

लोकांनी सोपे उपाय सुचवून पाहिले. लांब वायर लाव, फोन दारात आण. चंपाबाई म्हणे, "त्यायनं जिथं लावला तिथंच राहीन तो." मग त्यांचा फोन होईपर्यंत तू बाहेर थांब. यावर चंपाबाईनं सुचवणाऱ्याकडे असं पाहिलं की त्यानं पुन्हा विषय काढला नाही.

तेव्हापासून महिन्याकाठी एखादे वेळी त्या दोघी एका खोलीत बसायच्या. भन्ते भिंतीकडे तोंड करून आपल्या भाषेत आईशी बोलत. चंपाबाई यंत्र थांबवून मांडीवर हात ठेवून बसे. भागीरथाबाई उंबऱ्याशी पदर सावरून बसत आणि खोलीतला पसारा नजरेनं मोजत.

"धूळ पुसत नाही का वं कधी?" त्या हळूच म्हणत.

"पाहुनी आली का पुसते. तू काही पाहुनी नोहे."

"मी आपली भन्तेंसाठी येते. नाहीतर या घरात पाय कोन ठेवते?"

"ठेवू नको मंग. भन्तेंना सांग, माह्या पायाले मुंग्या आल्या म्हून."

हे सगळं कुजबुजत चाले, कारण भन्तेंच्या आईला ऐकू जाऊ नये याबाबत दोघींचं एकमत होतं. दुसऱ्या कशाबाबत नव्हतं.

मग एका रविवारी समितीची सभा झाली. नारायणरावांनी मांडलं की फोन खरा विहारात हवा. एकट्या बाईला फोन कशाला? खात्यात आपली माणसं आहेत, सांगून तो विहाराच्या नावावर करून घेऊ, भन्तेंचीही सोय होईल. कल्पना भागीरथाबाईंची होती आणि घरी जेवताना त्यांनी ती इतक्या वेळा वाढली होती की नारायणरावांना ती आपलीच वाटू लागली होती. सभेत माना डोलल्या. दोन दिवसांनी खात्यातला एक माणूस विचारपूस करायला चंपाबाईच्या दारात उभा राहिला.

चंपाबाईनं त्याला पाणी दिलं आणि परत पाठवलं. मग ती गल्लीत न उतरता, आपल्या उंबऱ्यात उभी राहून, समोरच्या दाराला उद्देशून बोलली.

"भागीरथे, माह्या नवऱ्याचा जीव गेला त्या तारंवर. तू ते तार तोडाले निघाली? आजपासून तुह्या घरातलं कोनी माह्या उंबऱ्यात पाय ठेवन, तर पाय घेऊन वापस जानार नाही."

"ठेवते कोन?" भागीरथाबाई आतून म्हणाल्या. "बोलावनं आलं तरी नाही येत."

"मेली तरी नाही बोलावत."

त्याच आठवड्यात भन्तेंना निळं पत्र आलं. आईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. मंगळवारी संध्याकाळी तिला कोलंबोच्या गाडीत बसवणार होते, आणि त्याआधी, दुपारी बारा वाजता, ती गावच्या पोस्टातून फोन करणार होती. डॉक्टरांनी फारशी आशा दिलेली नव्हती. पत्रातला मजकूर भन्तेंनी समितीचे सचिव गुणवंत यांना सांगितला. गुणवंत एका सरकारी कचेरीत बाबू, शांत माणूस. त्यांना गल्लीतली परिस्थिती माहीत होती.

"काळजी करू नका भन्तेजी," ते म्हणाले. "मंगळवारी मी अर्धी सुट्टी टाकतो. बाराच्या आत येऊन चंपाबाईंकडे बसतो. कोणाला विचारायचं कामच नाही."

चंपाबाईला त्यांनी सांगितलं, तीही कबूल झाली. गुणवंतांशी तिचं भांडण नव्हतं, कारण ते तिला घाबरत.

मंगळवार उजाडला. एप्रिलचं ऊन होतं. भन्तेंनी भोजन लवकर उरकलं आणि साडेअकराच्याही आधी येऊन ते गल्लीतल्या लिंबाखाली उभे राहिले. विहारात बसवत नव्हतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. चंपाबाईचं यंत्र चालू होतं. भागीरथाबाई आपल्या ओट्यावर चिंच फोडत होत्या. गुणवंत अजून कचेरीत होते.

साडेअकराला फोन वाजला.

चंपाबाईनं तो उचलला. "भन्तेजी," तिनं हाक मारली, नेहमीपेक्षा हळू. "तिकडचाच हाय."

भन्ते दारापर्यंत आले. "अभी तो बारह नहीं बजे."

"बजे नाही बजे मले काय माहीत? बाई बोलून राहिली. म्हातारी हाय."

लंकेतलं घड्याळ इथल्या घड्याळाच्या अर्धा तास पुढे गेलं होतं, हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. पूर्वी दोन्हीकडे एकच वेळ असे, भन्ते आले तेव्हाही तसंच होतं. ते आल्यानंतर तिकडच्या सरकारनं विजेच्या टंचाईपायी काटे हलवले होते. पत्रातले बारा म्हणजे इथले साडेअकरा. ज्या एका भरवशाच्या माणसावर सगळं सोपवलं होतं, तो माणूस त्या क्षणी फायलीत डोकं घालून बसला होता.

भन्ते उंबऱ्याशी थांबले. अंगावरचं चीवर सारखं करून त्यांनी गल्लीत इकडेतिकडे पाहिलं. कुणी पुरुष नव्हता. मग त्यांची नजर ओट्यावरच्या भागीरथाबाईंवर आली.

भागीरथाबाईंनी चिंचेचा गोळा पाटीत टाकला. उठावं असं त्यांना वाटलं, नाही असं नाही. गुडघ्यावर हातही गेला. पण त्यांनी चंपाबाईकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हटलं, "बोलावलं तर येते. मले काही हौस नाही. पाय घेऊन वापस जाऊ द्यायचं असन तर बोलवा म्हनावं."

चंपाबाईच्या हातात रिसीव्हर होता. त्यातून बारीक आवाज येत होता, कुणी तरी एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होतं. बहुधा मुलाचं नाव. गावच्या पोस्टाच्या खिडकीपाशी ती बाई किती वेळ उभी राहू शकेल, आणि लाइन किती वेळ टिकेल, हे लाइनमनच्या बायकोला सांगायला नको होतं. तुटली तर परत लावायला तिच्याकडे नंबर नव्हता. संध्याकाळी म्हातारी गाडीत बसणार होती.

"बोलव ना वं," भागीरथाबाई म्हणाल्या. "एक शब्द तर आहे."

चंपाबाईचे ओठ हलले. शब्द आला नाही. भागीरथाबाईंनी तो यायची वाट पाहिली, आणि आपण वाट पाहत आहोत हे चंपाबाईला दिसावं म्हणून हातातली चिंचही खाली ठेवली.

मग चंपाबाईनं रिसीव्हर फळीवर अलगद आडवा ठेवला. तबकडीचं कुलूप उघडं शेजारीच पडलं होतं, ते लावायलाही ती थांबली नाही. ती सरळ चालत आली, उंबरा ओलांडला, आणि अनवाणी गल्लीत उतरली.

"जा भन्तेजी. घर खाली हाय, आत कोनी नाही."

भन्ते आत गेले. दार सताड उघडं होतं. चंपाबाई दाराकडे पाठ करून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. लिंबाची सावली चार हातांवर होती, तिथं ती गेली नाही. फरशी तापलेली होती. ती एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवी, मग तो खाली ठेवून पहिला उचली.

भागीरथाबाई तिला ओट्यावरून पाहत होत्या. त्यांच्या ओट्यावर सावली होती, बसायला जागाही होती.

"निघाली ना शेवटी?" त्या म्हणाल्या. "एवढी मिजास होती. आता कोनी निघ म्हनलं होतं का?"

चंपाबाईनं मान वळवली. "त्याची माय हाय तिकडं. तुह्यासाठी नाही निघाली."

आतून भन्तेंचा आवाज येत होता, अगदी बारीक. भाषा कळत नव्हती. मध्ये ते थांबत, मग एखादा शब्द बोलत, पुन्हा थांबत. एकदा ते वळून दारातून बाहेर पाहताना भागीरथाबाईंना दिसले. त्यानंतर लवकरच रिसीव्हर ठेवल्याचा आवाज झाला. भन्ते बाहेर आले, चंपाबाईच्या अनवाणी पायांकडे त्यांनी पाहिलं आणि ते विहाराकडे चालू लागले.

चंपाबाई घरात गेली. यंत्र पुन्हा सुरू झालं.

बाराला दहा कमी असताना गुणवंत स्कूटरवरून आले, घाम पुसत. "चला, वेळेत आलो. फोन आला नाही ना अजून?"

"आला अन् गेला," भागीरथाबाई म्हणाल्या.

आई ऑपरेशनच्या टेबलावरून उठली नाही. ते तारेनं कळलं. त्या दिवशी फोनवर काय बोलणं झालं ते भन्तेंनी पुढे गुणवंतांना सांगितलं आणि गुणवंतांकडून ते भागीरथाबाईंच्या ओट्यावर आलं. आईनं विचारलं होतं, फोन उचलला ती बाई कोण? भन्ते म्हणाले, या घरच्या. मग त्या आता कुठं आहेत? बाहेर, उन्हात. मी आत असेपर्यंत त्या बाहेर थांबणार. आई म्हणाली, मग आपण लवकर आटपू, बाई उन्हात उभी आहे. आणि आशीर्वाद देऊन तिनंच फोन ठेवला.

"पाहा," भागीरथाबाई गुणवंतांना म्हणाल्या. "मरायला टेकलेली बाई, तिलेही हिचीच काळजी. या बाईनं कुठं कुठं पाय पसरले आहेत." एवढं बोलून त्या आत गेल्या. नारायणराव सांगतात की त्या दुपारी त्या जेवल्या नाहीत. उन्हानं पित्त झालं, असं त्यांनी कारण दिलं.

पुढच्या पौर्णिमेला भन्तेंनी विहारात सर्वांसमोर सांगितलं की विधवेच्या घरातून काढून आणलेला फोन ज्या विहारात वाजेल, त्या विहारात मी राहणार नाही. आवाज चढवला नाही. नारायणरावांना ते इतकं लागलं की त्यांच्या घरून भन्तेंचं भोजन जायचं ते बंद झालं, आणि भन्ते पदवी घेऊन मायदेशी जाईपर्यंत पुन्हा सुरू झालं नाही. फोन जिथं होता तिथंच राहिला. भन्तेंचे भाऊ अधूनमधून लावत, तेव्हा चंपाबाई कुणी काही म्हणायच्या आत चपला घालून बाहेर येई आणि लिंबाखाली उभी राही. भागीरथाबाई त्या वेळी आपलं दार लोटून घेत.

या चपलांची तिला सवय होत गेली. आधी लिंबापर्यंत, मग परकर स्वतः घेऊन बडा फुहाऱ्यापर्यंत. मग गल्लीत घरोघर फोन आले, चौकातल्या बूथच्या जागी संगणकाचं दुकान निघालं, आणि हाक मारून बोलावण्यासारखं कुणी उरलं नाही. दोघी अजून समोरासमोर राहतात आणि बोलत नाहीत. गल्लीतल्या नव्या सुनांना त्याचं कारण विचारलं तर त्या नळाचं काही तरी सांगतात.

चंपाबाईची आता सत्तरी उलटली आहे. डोळ्यांमुळे शिवण सुटलं आहे. दर वर्षी मटाराचा हंगाम सुरू झाला की ती घराला कुलूप लावते, बसनं शहपुऱ्याला बहिणीकडे, कलावतीकडे जाते, आणि होळीपर्यंत तिथंच राहते.